बोर्डाच्या बटणावर चालणारा मिक्सर

दिल्लीतल्या सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नोएडात स्वतःचा फ्लॅट घेतला. त्याच सुमारास वडील गेले आणि आई साताऱ्याहून कायमची आमच्याकडे आली. मी केंद्र सरकारच्या नोकरीत, बायको एका नव्या खाजगी कंपनीत, त्यामुळे दिवसभर घरात आई एकटी. हिंदी तिला समजायची, बोलता मात्र येत नसे. पण स्वयंपाकघरात शिरायला तिला कुणाला विचारावं लागलं नाही. आल्यावर तिसऱ्या दिवशी तिनं सगळे डबे आपल्या सोयीनं लावून टाकले आणि जेवणात रोज तिची सुक्या खोबऱ्याची, लसणाची चटणी यायला लागली. समोरच्या पंजाबी बाई वाटी घेऊन यायच्या. "माताजी, थोड़ी-सी," म्हणायच्या. आई वाटी भरून द्यायची आणि हसायची. घराबाहेरच्या माणसाशी तिचं बोलणं काय ते एवढंच.

ही चटणी ती मिक्सरमध्ये करायची. सामानात जड होईल म्हणून तिचा खलबत्ता मीच आणू दिला नव्हता.

एक दिवस मिक्सरचं बटण जळालं. मिक्सर आमच्या लग्नातला. दुकानदारानं उलटा-पालटा करून पाहिला आणि म्हणाला, "भाईसाहब, इसका स्विच अब नहीं आता. नया ले लो, किस्तों पे दे दूँगा." तेव्हा त्या दुकानात दर महिन्याला काहीतरी नवं येत होतं आणि सगळंच हप्त्यावर मिळत होतं. पण आमच्या डोक्यावर फ्लॅटचं कर्ज होतं. शिवाय खरं सांगायचं तर मला खाज होती. कुणी "नवं घ्या" म्हटलं की जुनं उघडून बसायला माझे हात शिवशिवतात.

रविवारी ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, मिक्सर खोलला, जळकं बटण काढून फेकलं आणि वायरी थेट जोडल्या. आता तो भिंतीवरच्या बोर्डाच्या बटणावरच चालू-बंद होणार होता. त्यात भांड्याच्या खाचा झिजलेल्या. म्हणून डाव्या हातानं झाकण दाबून धरायचं आणि उजवा हात वर, उजवीकडच्या बोर्डापर्यंत लांबवायचा; डावा तिथवर पोचत नसे. मला सहज जमलं. बायको उंच, कुरकुर करत का होईना, तिलाही जमलं. त्यानंतर महिनाभर मी आल्यागेल्याला ती करामत दाखवत होतो. "एक पैसा लागला नाही, बरं का!"

त्या आठवड्यापासून आईची चटणी बंद झाली. विचारलं तर म्हणाली, "लसूण सोसत नाही हल्ली."

"अच्छा! म्हणजे दिल्लीची हवा लागली तर. आळशी झालीस तू."

ती हसली. समोरच्या बाई दोनदा रिकामी वाटी घेऊन परत गेल्या, मग यायच्याच थांबल्या. आई बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ बसून राहायला लागली. वडिलांची आठवण येत असेल, असं मी धरून चाललो. तसं धरणं माझ्या सोयीचं होतं.

थंडी ओसरल्यावर ती माझ्या बहिणीकडे गाझियाबादला गेली, चार दिवस म्हणून. दोन महिने झाले तरी परतली नाही. फोन केला की "येते की" म्हणायची. शेवटी एका रविवारी मीच आणायला गेलो. दार उघडलं आणि भाजल्या खोबऱ्याचा, लसणाचा वास आला. आई ओट्यापाशी उभी होती. उजवा हात अंगाशी धरलेला, आणि डाव्या हाताच्या एका बोटानं ती बहिणीच्या मिक्सरचं बटण दाबत होती.

"लसूण सोसत नाही ना तुला?"

तिनं मिक्सर थांबवला. "सोसतो रे. तिकडे हात पुरत नव्हता. हा खांदा वर जात नाही माझा, किती वर्षं झाली."

"अगं, मग सांगायचं नाहीस का?"

"तू एवढ्या हौसेनं केलं होतंस. सगळ्यांना दाखवत होतास."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. किती वर्षं झाली, म्हणाली. माझ्याच घरात ती रोज सकाळी डाव्या हातानं केस विंचरायची, आणि मी समोर बसून पेपर वाचायचो.

ती माझ्याबरोबर आली नाही. दुसऱ्याच दिवशी मी नवा मिक्सर आणला, हप्त्यावर. मोठं बटण, अगदी पुढ्यात. फोनवर तिला सांगितलं. "छान केलंस," ती म्हणाली. पण तोवर बहिणीच्या घरात तिचे डबे लागले होते.

त्या गणपतीला ती आली, दोन दिवसांची पिशवी घेऊन. मी मुद्दाम खोबरं किसून, लसूण सोलून मिक्सरशेजारी ठेवलं होतं. तिनं चहा घेतला, खिडकीजवळ बसली. थोड्या वेळानं उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. आत बायको भाजी चिरत होती. आई उंबऱ्याबाहेरच थांबली आणि म्हणाली, "मी काही मदत करू का गं?"