साध्या पत्र्याचा ओव्हन

आई गेल्यावर बाबा हट्टा गावातलं घर बंद करून आमच्याकडे वसमतला राहायला आले. सोबत एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि लव्हबर्डचा पिंजरा. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर काहीतरी हलतं असावं म्हणून त्यांनी परभणीच्या बाजारातून हिरव्या पक्ष्यांची एक जोडी आणली होती. आई तासन्‌तास त्या दोघांकडे बघत पडायची. ती गेली आणि पक्षी बाबांचे झाले.

लेकीच्या घरी राहणं त्यांना जड जात होतं. धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला होता, एका खोलीत तिघं मित्र मिळून राहायचा. तिथं जाणं शक्य नाही हे बाबांना कळत होतं, तरी माझा नवरा घरात असला की त्यांचा आवाज खाली यायचा. भाजी हवी असली तरी मागायचे नाहीत. मोकळेपणानं बोलायचे ते पक्ष्यांशीच. पिंजरा स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगला होता, कारण सकाळचं ऊन तिथंच यायचं.

मी शाळेत शिकवायची, नवरा साखर कारखान्यात होता. सकाळी आम्ही दोघं गेलो की दिवसभर बाबा एकटे. दुपारचा चहा ते स्वतः करायचे आणि सोबत पाव कडक भाजून घ्यायचे. पाव भाजायला माझ्या नणंदेनं दिवाळीत दिलेला नॉनस्टिक तवा होता. त्या वर्षांत ज्याच्या त्याच्या घरी तो येऊन राहिला होता. तेल लागत नाही, चिकटत नाही, घासायला सोपा. मलाही त्याचं कौतुक होतं.

एका दुपारी शाळेतून आले तर बाबा बाहेर पायरीवर बसलेले. उन्हाळा लागला होता, तरी अंगावर चादर. पिंजरा शेजारी जमिनीवर ठेवलेला. दोन्ही पक्षी तळाशी पडले होते, एक दुसऱ्याच्या पंखावर मान टाकून.

"काय झालं बाबा?"

"गेले."

"कशानं?"

"काय की. तवा गॅसवर ठेवला, पाव काढायला गेलो तं पाव नव्हता घरात. दुकानातून आणावं म्हणलं. तिथं एकजण जुना कंडक्टर भेटला, बोलत उभा राहिलो. आलो तं घरात कसला तरी वास. धूर न्हाई, जळालेलं न्हाई. गॅस बंद केला, अन् पाहतो तं हे असे."

संध्याकाळी बाबांना थंडी वाजून ताप आला. खोकलाही होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दुसऱ्या दिवशी ताप उतरला. नवऱ्यानं गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावून पाहिलं, बुडबुडा कुठंच आला नाही. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उष्म्यानं गेले असतील असं सांगितलं. सगळ्यांचं समाधान झालं. माझं होईना. दुपारी खिडकी सावलीत असायची, पाणी भरलेलं होतं, आणि माणसालाही त्याच दिवशी ताप कसा येतो?

मी भावाला फोन केला. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, इंटरनेटवर बघून सांगतो म्हणाला. त्यानं सांगितलं ते ऐकून मी फोनजवळच्या स्टुलावर बसले. रिकामा नॉनस्टिक तवा फार तापला की त्याच्या थरातून वायू निघतो. माणसाला त्यानं थंडीताप येऊ शकतो. पक्ष्यांची फुप्फुसं नाजूक, ते काही मिनिटांत मरतात.

"बाबांना सांगू नको," भाऊ म्हणाला. "आधीच आईचं दुःख आहे. स्वतःच्या हातानं गेले असं त्यांच्या मनात बसेल."

मी तवा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकला. बाबांना म्हटलं, त्याचं हँडल सैल झालंय. ते "बरं" म्हणाले.

त्यानंतर माझं मन थाऱ्यावर राहिलं नाही. वर्गात अपूर्णांक शिकवता शिकवता मला वास यायचा. फळ्यावर खडू तसाच धरून मी उभी राहायची. मुलं एकमेकांकडे बघायची. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांच्या खोलीतून घरी फोन लावायची.

"बाबा, गॅस बंद आहे ना?"

"बंद हाय."

"जरा पाहून सांगा."

रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज, चपलांचा आवाज, पुन्हा चपला. "बंद हाय बाई."

फोन ठेवला की वाटायचं, त्यांनी खरंच पाहिलं का? की मला बरं वाटावं म्हणून नुसते चालून आले? कधी कधी मी सुट्टीत रिक्षा करून घरी यायची. ते वर्तमानपत्र वाचत बसलेले असायचे. मला दारात बघून म्हणायचे, "काहून आली? विसरली का काही?" मी काहीतरी उचलायची, छत्री, पुस्तक, आणि परत जायची.

मग त्यांनी पाव भाजणं सोडलं. पुढं चहाही सोडला. दुपारी इच्छा होत नाही म्हणाले.

नवऱ्याच्या ते लक्षात आलं. जेवताना तो मला म्हणाला, "कारखान्याच्या गेस्ट हाऊसला एक छोटा विजेचा ओव्हन आहे. बटण फिरवलं की टिकटिक चालू होते, वेळ संपली की घंटी वाजून आपोआप बंद. विसरले तरी काळजी नाही. तसा एक घेऊ. तुझ्याही जिवाला स्वस्थता."

हे पटलं. पण वसमतच्या दुकानात मिक्सर, इस्त्री, पंखे होते, ओव्हन नव्हता. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आपल्या गावात लाईट असते कुठं? ओव्हन कोण घेईल?" त्याचंही बरोबर होतं. लोडशेडिंगनं दिवसाचे तुकडे केले होते.

रविवारी आम्ही नांदेडला गेलो. मोठ्या दुकानात फळीभर ओव्हन मांडलेले. विक्रेत्यानं हौसेनं एकाचं दार उघडलं. आत सगळं काळपट राखाडी. "अंदर से पूरा नॉनस्टिक है मॅडम. कपडा मारा, साफ." माझा हात आपोआप मागे आला.

"बिगर नॉनस्टिकचा दाखवा."

त्याला वाटलं मी चुकून बोलले. "वो तो पुराना टाईप होता है. सब लोग यही लेके जाते."

त्यानं दुसरा उघडला, तिसरा उघडला. एकाचं आतलं अंग चकचकीत, पण ट्रे काळा. एकाचा ट्रे साधा, तर भिंतींना ठिपक्याठिपक्यांचा थर. हा थर इनॅमलचा आहे की नॉनस्टिकचा, ते त्याला सांगता येईना. खोक्यावरही लिहिलेलं नव्हतं. मी नखानं खरवडून पाहिलं, तर त्यानं दार लावून घेतलं.

परतीच्या बसमध्ये नवरा वैतागला. "ओव्हन तव्याएवढा तापत नाही. तुझा भाऊच म्हणाला ना?"

भाऊ तसं म्हणाला होता. पण आतल्या तापणाऱ्या सळईच्या अगदी जवळ किती तापत असेल ते सांगता येत नाही, असंही म्हणाला होता. मला 'बहुतेक' नको होतं. शिवाय आता घरात पक्षी नाहीत, मग भीती कुणासाठी, असंही नवऱ्यानं विचारलं. बाबांसाठीच म्हणावं, तर त्यांना ताप येऊन गेला होता, तो उतरलाही होता. मला इतकंच कळत होतं की तो काळा थर पुन्हा घरात आणायचा नाही.

पुढं मी एकटीच जायला लागले. परभणीला गेले, पुन्हा नांदेडला गेले. प्रत्येक दुकानात तेच दार, तोच काळा रंग, तेच कौतुक. एकदा घेऊन टाकावा असं ठरवून निघाले आणि काउंटरवरून परत फिरले.

एका रविवारी मी निघताना बाबा चप्पल घालून उभे. "मी बी येतो. घरात बसून बसून कंटाळलो."

बसमध्ये ते सवयीनं ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. वळणावर त्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जात होता. नांदेडच्या दुकानात विक्रेत्यानं दार उघडलं आणि नेहमीचं सुरू केलं, "अंदर से नॉनस्टिक है, अंकल."

"ते नको," बाबा म्हणाले. "आमचे दोन पक्षी गेले त्यानं."

मी त्यांच्याकडे वळले. ते शांतपणे ओव्हनच्या आत बघत होते.

दुकानाबाहेर चहाच्या गाड्यावर आम्ही थांबलो. मी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पोरानं. फोन आला तं मीच उचलला व्हता. मला विचारलं, ताप उतरला का म्हणून. मी विचारलं, तुला ठाऊक हाय का पक्षी कशानं गेले. सांगितलं त्यानं." बाबांनी बशीत चहा ओतला. "अन् म्हणला, ताईला सांगू नका तुम्हाला कळलंय म्हणून. तिला लई काळजी."

मला भावाचा राग आला आणि लगेच हसूही आलं. इतके दिवस बाबा आणि मी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवून ठेवत होतो. मी त्यांचं मन जपावं म्हणून कारण न सांगता फोन करत होते, आणि ते माझं मन जपावं म्हणून चपला वाजवत गॅसपर्यंत जाऊन येत होते.

"तुझ्या आईचे व्हते ते," बाबा म्हणाले. "मपल्या हातानं गेले."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं बाबा. आम्हाला कुणालाच नव्हतं."

"व्हय. तरी गेलेच ना."

आम्ही चहा संपवला. कप ठेवताना ते म्हणाले, "चल, अजून दुकानं असतील."

बाजाराच्या आतल्या गल्लीत एक जुनं दुकान होतं. तिथं वरच्या फळीवर धुळीनं भरलेला एक लहान ओव्हन होता. दुकानदारानं फुंकर मारून तो खाली घेतला. आतून निव्वळ पत्रा, पांढरट, आरशासारखा. "पुराना पीस है. साफ करने को तकलीफ होगी," तो आधीच सांगून मोकळा झाला.

"तकलीफ चालते," बाबा म्हणाले.

ट्रे मात्र इथंही काळा. मी पुन्हा घुटमळले. दुकानदार शपथेवर सांगत होता की तो इनॅमलचा आहे. बाबांनी आतली रुंदी वितीनं मोजली आणि म्हणाले, "ट्रे राहू द्या तुमच्याकडंच. घरी स्टीलची ताटली हाय, बसते बराबर." दुकानदारानं आमच्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं आणि खोकं बांधून दिलं.

घरी आल्यावर भावानं फोनवर बजावलं, पहिल्यांदा रिकामा तापवा, उघड्यावर. आम्ही वायर लांबवून ओव्हन अंगणात ठेवला. थोड्या वेळात त्यातून धूर निघाला, बनवताना सळयांना लागलेलं तेल जळत होतं. मी बाबांना आत जायला सांगितलं. ते गेले नाहीत. वाऱ्याच्या उलट बाजूला खुर्ची घेऊन बसले. मी अंगणात फेऱ्या मारत होते, तेवढ्यात लाईट गेली. सळया काळ्या पडल्या, पण टिकटिक चालूच. वेळ झाल्यावर गार पडत चाललेल्या ओव्हननं टण्ण करून घंटी वाजवली आणि बाबा मोठ्यानं हसले. आई गेल्यापासून मी त्यांचं हसणं ऐकलं नव्हतं.

लाईटच्या वेळा त्यांनी पाठ केल्या. लाईट असेल तशी त्यांची चहाची वेळ सरकायची. पाव झाला, मग रताळी, मग शेजारच्या बाईंनी दिवाळीत भाजायला आणून दिलेली नानकटाई. पहिली खेप जळाली, दुसरी कच्ची राहिली, तिसरी सगळ्या गल्लीत वाटली गेली. पत्र्यावर डाग पडायचे, ते बाबा राखेनं घासत बसायचे. माझे फोन कमी झाले, पण थांबले नाहीत. "बंद झाला ना?" "घंटी ऐकली न्हाईस का?" असं ते म्हणायचे, जशी काही शाळेपर्यंत ऐकू जाते.

पक्ष्यांचा विषय मी काढला नाही. पुढच्या हिवाळ्यात ते एकटेच परभणीला गेले आणि संध्याकाळी निळ्या लव्हबर्डची जोडी घेऊन आले. पिंजरा त्यांनी स्वयंपाकघरात नेला नाही. घरासमोरच्या ओट्यावर छताच्या कडीला टांगला.

"तिथं ऊन कमी येतं," मी म्हटलं.

"असू दे. वारा हाय."

ओटा रस्त्यावरच होता. हळदीचा हंगाम सुरू झाला, मोंढ्याच्या बाजाराकडे पोत्यांचे ट्रक जाऊ लागले आणि पिवळा धुरळा घरात यायला लागला. मी पिंजऱ्याच्या तारांवरून बोट फिरवलं, ते पिवळं झालं. हळदीची पूड पक्ष्यांच्या फुप्फुसांना चालते का, हे भावाला विचारायला मी फोनकडे वळले.

"बाई," बाबा ओट्यावरून म्हणाले, "तो फोन ठेव, अन् इथं येऊन बस जरा."

मी जाऊन बसले. पिंजऱ्याला रस्त्याच्या बाजूनं ओलं फडकं बांधायचं तेवढं मात्र मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.