सांतानकाकांचे दोन दिवे

सांतानकाका कुठल्याही वस्तूला आधी तळहात लावत नसत. पालथा हात लावत. दाराची कडी, चहाचा पेला, चर्चच्या दारातलं पवित्र पाण्याचं भांडं, शेजारच्या तान्ह्या पोराचं कपाळ, सगळ्याला तोच न्याय. बोटांची मागची बाजू हळूच टेकवायची, जरा थांबायचं, मग हात उलटा करायचा. पाचूबंदरात नवीन आलेल्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याला कसलं तरी सोवळं आहे. सोवळं कसलं! त्यांना भीती वाटत असे.

"तळहात धरून बसतो, पोरी. पालथा हात मागं फेकला जातो," ते मला म्हणत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बोटीवर वायरमन म्हणून काढली होती. तिथं त्यांच्या जोडीदारानं ओल्या पंपाचा दांडा पकडला आणि दांड्यात वीज उतरलेली होती. "मी सोड सोड म्हनून बोंबलत होतो. त्याला ऐकू येत होतं. डोळे माझ्याकडंच होते. पन मूठ त्याची राहिली नव्हती." हे सांगताना ते स्वतःची मूठ उघडून बघत, आणि ऐकणाराही नकळत आपली मूठ उघडे.

आमच्या आळीत वीज आली ती भाताच्या गिरणीच्या इंजिनावर. गिरणीमालकानं डायनामो बसवला, संध्याकाळी दिवे लागायला लागले, पण ते बागायतदारांच्या ओट्यांवर. कोळ्यांच्या घरात रॉकेलचा धूर तसाच. हा कुठला न्याय? मी पत्रकं लिहिली, वाटली, बाजारात उभी राहून ओरडले. शेवटी मालकानं तारा आमच्याकडं ओढल्या. ओढल्या म्हणजे फेकल्याच! खाऱ्या ओलीनं फुगलेल्या भिंतींवर लाकडी पट्टी ठोकली, पट्टीवर कापडी वेष्टणाची तार, आणि माणसं निघून गेली. तारेतून वीज भिंतीत गळते की नाही, कुणीही तपासलं नाही. गिरणीच्या मुनीमाला विचारलं तर म्हणतो, "तारेवर कापड आहे ना, मग?"

सांतानकाकांनी माझं पत्रक वाचलं, घडी केली आणि म्हणाले, "उजेड मागितलास, बरं केलंस. भीती कोन मागनार?"

मग त्यांनी बोटीवरची युक्ती स्वतःच्या दाराशी मांडली. एका फळीवर दोन दिवे. एक या तारेला, दुसरा त्या तारेला, आणि दोघांची मधली जोड जमिनीत ठोकलेल्या लोखंडी पहारेला. सारं ठीक असलं की दोन्ही दिवे सारखेच मंद जळत. आळीतल्या कुठल्याही घरात तार ओलीनं जमिनीला मिळाली, की एक दिवा विझत जाई आणि दुसरा भडके. आळीनं त्यांचं नाव ठेवलं नवरा-बायको. येता-जाता बाया विचारत, "काय सांतान, नांदतात ना तुझी?" काका हसत नसत. ते त्या दिव्यांकडं कधी पाठ करून बसत नसत. जेवताना नाही, रोजरीची माळ जपताना नाही.

सगळ्याच वेळी त्यांचं खरं ठरलं असं नाही. धुकं पडलं तरी एक दिवा जरा मलूल होई, आणि काका इंजिन थांबवायला गिरणीकडं धावत. इंजिन बंद, आळी अंधारात, चुलीवरलं कालवण करपलेलं, आणि शेवटी सापडायचं काहीच नाही. "घाबरट सांतान्या!" पोरंसुद्धा म्हणत. मुनीमानं दम भरला, पुन्हा इंजिन थांबवायला आलास तर तुझीच तार तोडीन. प्रत्येक घराची तार तपासून द्या म्हणून मी मालकाकडं गेले, तर मालक म्हणाला, "वीज मागायलाही तूच, आणि ओरडायलाही तूच?" हो, मीच! तुम्ही दिवा विकता की मरण, हे विचारायचं नाही का?

ती संध्याकाळ मात्र मी विसरणार नाही. होड्या नुकत्याच लागल्या होत्या. मी काकांच्या दाराशी नवीन पत्रक दाखवत उभी होते. इंजिन सुरू झालं, दोन्ही दिवे लागले, आणि माझ्या डोळ्यांदेखत डावा विझत गेला. उजवा पांढराफटक पेटला. इतका भडकलेला मी कधीच पाहिला नव्हता. काका ताडकन उठले.

"गिरनीत मानूस जाईपर्यंत वेळ नाय. तू हितंच राहा. दिव्यावरची नजर काढू नको. सारखे झाले की वरड."

ते आळीत शिरले. घरात जायचं, दाराजवळचा खटका खाली ओढायचा, ते घर तारेपासून तोडायचं आणि थांबायचं. पहिलं घर काळोखलं. दिवे तसेच. "नाय!" मी ओरडले. दुसरं घर. "नाय!" आतून शिव्या येत होत्या, "मेल्या, आज पुन्हा?" काका पुढच्या घरात शिरत होते. एकेक घर विझत अंधार आमच्या घराकडं सरकत होता. घरात आई एकटी होती. मला पळत जायचं होतं, पण नजर काढायची नव्हती. मी त्या दोन काचांकडंच बघत राहिले.

एकाएकी डावा उजळला. उजवा उतरला.

"सारखे! सारखे झाले!" मी ओरडले. आणि मग वळून पाहिलं. शेवटचं काळोखलेलं घर आमचं होतं.

मी धावत पोचले तेव्हा काका उंबऱ्यात गुडघ्यांवर बसले होते. आई ओल्या जमिनीवर अनवाणी, हात जाळ्याकडं पुढं केलेला. भिजलेलं जाळं बाबांनी त्या लाकडी पट्टीवरच टांगलं होतं. आळीत सगळेच टांगत. भिंतभर आयती पट्टी मिळाल्यावर कोळी दुसरं काय करणार? आमच्या घरी तर जाळ्यासाठी खिळेही त्याच पट्टीत ठोकलेले. एक खिळा तारेपर्यंत गेला होता, आणि वीज ओल्या जाळ्यातून जमिनीत उतरत होती.

"हात लावू नको!" काका अजून ओरडतच होते.

"वरडतोस काय रे? माझंच जाळं हाय," आई म्हणाली. "फाटलंय, शिवायला घेत होते."

काकांनी खटका पुन्हा पाहिला. मग पुढं झाले आणि जाळ्याला पालथा हात टेकवला. थांबले. काही झालं नाही. तेव्हा हात उलटा करून त्यांनी आईची मूठ धरली, उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "उघडते," ते म्हणाले. "बघ पोरी, उघडते." आणि लहान मुलासारखे रडायला लागले. आईला तेव्हा कुठं कळलं.

त्यानंतर आळीत पट्टीवर जाळं टांगलं गेलं नाही. मालकानं मात्र आजतागायत एका घराची तार तपासलेली नाही, आणि हे मी पुन्हा पुन्हा छापणार आहे.

सांतानकाका यंदा दम्यानं गेले. त्यांच्या मागं त्यांचं असं कुणी नव्हतं. शवपेटी उघडी ठेवली होती तेव्हा आई पुढं झाली. तिनं त्यांच्या कपाळाला पालथा हात टेकवला. जरा थांबली, मग हात उलटा करून त्यांचं कपाळ कुरवाळलं. मागून आलेल्या बायांनीही तसंच केलं.

दफन करून आलो तोवर दिवे लागायची वेळ झाली होती. दूर गिरणीत इंजिन धडधडायला लागलं. आळीत कुणी खटक्याला हात लावेना. सगळ्या बाया दारात उभ्या, एकमेकींकडं बघत. आई उठली, फाटकं जाळं आणि सुई घेतली, काकांच्या बंद घराच्या पायरीवर जाऊन बसली, दिव्यांकडं तोंड करून.

बराच वेळ ती बघत राहिली. मग आळीकडं न वळताच तिनं हाक दिली, "सारखे हायेत. लावा."