वच्छीच्या पट्ट्यांच्या साड्या

वच्छी गेली त्याच्या आदल्या दुपारी मी तिच्याकडे गेले होते. कावीळ पार डोळ्यांत उतरली होती, हातपाय काड्यांसारखे झाले होते, पण जीभ शाबूत होती. बाहेरच्या खोलीत तिची थोरली नणंद इंदूताई बसल्या होत्या आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आपण किती जागरणं केली ते ऐकवत होत्या. वच्छीनं मला खुणेनं जवळ बोलावलं. म्हणाली, "कुसे, एक काम कर. मी गेले तर ह्या लोकांना मला शालूत नेऊ देऊ नकोस. लग्नात त्या शालूनं माझ्या अंगभर घामोळं उठलं होतं. माझी पट्ट्यांची कुठलीही नेसव... रोजची." मी म्हटलं, "गप गं, भलतंसलतं बोलू नकोस." तर हसली. म्हणाली, "भलतंसलतं काय त्यात? रोजच्यासारखी जाऊ दे मला. एवढंच मागतेय ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुकरशिवायच्या माझ्या संसारात डाळ शिजायला टाकून बसले होते, तेवढ्यात त्यांच्या शेजारची मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिनं तोंड उघडायच्या आधीच मला कळलं. डाळ तशीच चुलीवर राहिली आणि मी पायात चपलासुद्धा न घालता पळत सुटले.

तर आता तिच्याबद्दल चार बरे शब्द लिहायचे. तिच्याबद्दल मी चारच काय, चारशे लिहीन. पण तिच्या भोवतीच्या माणसांबद्दल माझ्याकडे बरे शब्द नाहीत, आणि गेल्या महिन्यात महिला मंडळाच्या शोकसभेत जे काही कानांवर पडलं त्यानंतर तर मुळीच नाहीत. इंदूताई तिथं पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "आमच्या वत्सलेची राहणी किती साधी! आम्हाला तिचं केवढं कौतुक!" कौतुक! माझ्या हातातला चहाचा कप मी कसा खाली ठेवला ते माझं मला माहीत.

मी आणि वच्छी मालाडच्या एकाच चाळीत वाढलो. तिचं लग्नही मालाडातच झालं, म्हणून आमची मैत्री टिकली. ती मॅट्रिक झालेली, हिशेबात हुशार, आणि घरात बसून तांदूळ निवडण्यात तिला काडीचा रस नव्हता. आरे कॉलनी नव्यानं उभी राहत होती, तेव्हा तिकडच्या एका कचेरीत तिला कारकुनाची नोकरी लागली. रोज बसनं झाडीतल्या रस्त्यानं जायची, तबेल्यांच्या बाजूनं चिखलशेण तुडवत कचेरी गाठायची आणि संध्याकाळी परत येऊन सगळ्यांचा स्वयंपाक करायची. ह्या सगळ्याला तिची कधी तक्रार नव्हती. तक्रार होती ती सकाळच्या एका प्रश्नाची. इंदूताईंचं सासर पलीकडच्याच गल्लीत, पण पाय सदा माहेरी. सकाळी चहाला म्हणून यायच्या आणि वच्छी निघाली की दारात उभ्या. "ही कालचीच ना गं? आणि हे पोलकं ह्याच्यावर? लोक म्हणतील देशपांड्यांकडे सुनेला आरसा नाही." वच्छी बिचारी परत आत. साडी बदल, पोलकं बदल, तोवर बस गेलेली असायची.

एका रविवारी मला म्हणाली, "चल बाजारात. हा कटकटीचा विषय आज मिटवून टाकते." आणि तिनं एका दमात चार साड्या घेतल्या, सगळ्या सुती, सगळ्या पट्ट्यापट्ट्यांच्या. मी म्हटलं, "अगं वेडी का काय तू? एक तरी फुलाफुलांची घे." तर मलाच धडा शिकवायला लागली. "हे बघ, पट्ट्यांतला कुठलाही एक रंग उचलायचा आणि त्याचं पोलकं शिवायचं. चार पोलकी, चार साड्या, कुठलंही कशावरही चालतं. चुरगळली तरी दिसत नाही. चिखल उडाला तर पट्ट्यांत लपतो. शाईचा डाग पडला तर तोही पट्टाच समजायचा. सकाळी डोळे मिटून हाताला येईल ती ओढायची आणि सुटायचं." त्या दिवसापासून तिची बस कधी म्हणून चुकली नाही. इतकी साधी गोष्ट. पण बाईमाणसाची एखादी गोष्ट सोपी झाली की आपल्याकडे काही लोकांच्या पोटात दुखायला लागतं.

इंदूताईंनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, गादीची खोळ. "अगो बाई, गादीच्या खोळीचं कापड नेसलीस की काय? आता कापूस तेवढा भरायचा राहिलाय!" आणि स्वतःच्याच विनोदावर हसल्या. हा एकच विनोद त्यांनी पुढे वर्षानुवर्षं पुरवून वापरला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वच्छी कचेरीतून परस्पर आली, पट्ट्यांच्याच साडीत. खोली जरीच्या पदरांनी गच्च भरलेली. इंदूताई मोठ्यानं म्हणाल्या, "आमच्या वत्सलेला जरा जपून बसवा हो, नाहीतर कुणीतरी उशाशी घेईल!" बायका खो खो हसल्या. ह्यातल्या अर्ध्याजणींनी जरीच्या साड्या शेजारणीकडून मागून आणलेल्या, हे मला नावानिशी माहीत होतं. वच्छी शांतपणे माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "घ्या की उशाशी, वन्सं. तुमच्या गप्पांनी पेंग येतेच आहे सगळ्यांना." मला ठसका लागला, तिळगूळ नाकात गेला.

पण घरी जाऊन ती त्या दिवशी रडली, हे तिनंच मला नंतर सांगितलं. विनोदाबद्दल नाही. नवरा तिथंच दारात उभा होता आणि तोही हसला, म्हणून.

माधवराव. ह्या गृहस्थाबद्दल काय लिहावं? माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणतात. वाईट असायलासुद्धा अंगात थोडं काहीतरी लागतं. रोज संध्याकाळी कामावरून आले की पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा चढवून गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. नुसते ते नव्हे, त्या आख्ख्या इमारतीतले पुरुष तसेच बसलेले असायचे, प्रत्येक गॅलरीत एक लेंगा. त्यांना कुणी गादीची खोळ म्हटल्याचं मी ऐकलं नाही. पुरुषाच्या पायात पट्टे असले की ती सोय, आणि बाईनं तेच पट्टे नेसले की घराण्याची अब्रू जाते! आणि त्याच लेंग्यात बसून हे तिला सांगायचे, "जरा बरी साडी नेसत जा ना. ताईंना आवडत नाही." स्वतःला आवडते की नाही, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. बहुतेक ताईंना विचारायचं राहून गेलं असावं.

एकदा आम्ही सगळे मनोरीला गेलो होतो. मार्व्याच्या धक्क्याशी ओहोटी लागलेली, होडीपर्यंत गुडघाभर चिखलाच्या रेंद्यातून जायचं. इंदूताई रेशमी साडी नेसून आलेल्या. चार पावलं गेल्या आणि बदकन् खाली बसल्या. मागून येणारी एक कोळीण ओरडली, "ए बाय, लग्नाला चालली काय गो?" वच्छीनं कासोटा मारला, सगळ्यांच्या जेवणाची टोपली डोक्यावर घेतली, इंदूताईंचा दंड धरला आणि त्यांना ओढत होडीत नेऊन बसवलं. दिवसभर इंदूताई त्या चिखलाच्या साडीत तोंड फुगवून बसल्या. वच्छीच्या साडीवर तेवढाच चिखल होता, पण कुणाला दिसला नाही. ती एका शब्दानं इंदूताईंना काही बोलली नाही. मी तिच्या जागी असते तर परतीच्या होडीत गप्प बसले नसते, आणि म्हणूनच ती वच्छी होती आणि मी कुसुम.

तर त्या सकाळी मी धापा टाकत पोचले, तेव्हा तिला आंघोळ घालून झाली होती आणि इंदूताई ट्रंकेतून शालू काढत होत्या. मी सांगितलं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगितलं, की तिनं काल माझ्यापाशी काय मागितलं. इंदूताई म्हणाल्या, "तापात बडबडली असेल. अहेव बाई गादीच्या खोळीत जाते होय? मालाडभर बघू दे, आम्ही आमची सून कशी पाठवली ते." मी माधवरावांकडे वळले. म्हटलं, "तुम्ही बोला. बायको तुमची आहे." ते गॅलरीच्या दारात उभे होते, अंगात तोच पट्ट्यांचा लेंगा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई म्हणतील तसं."

आयुष्यात एकदा, फक्त एकदा तोंड उघडायचं होतं ह्या माणसाला. आम्ही तिला शालू नेसवला. निऱ्या मीच घातल्या. शालूची जर इतकी बोचरी होती की माझ्या बोटांना टोचत होती... तिला टोचत नसेल अशी मी मनाची समजूत घातली.

अहेवपणी गेलेल्या बाईच्या साड्या प्रसाद म्हणून सवाष्णींनी वाटून घ्यायच्या, अशी आमच्याकडे रीत आहे. तेरावं झालं आणि सगळ्याजणी जमल्या. इंदूताई पुढं. ट्रंक उघडली आणि त्यांचा चेहरा जो पडला म्हणता! आत नुसत्या पट्ट्यांच्या साड्या. हात घालावा असा एकच काय तो शालू होता, आणि तो तर ह्यांनीच मालाडभर मिरवायला म्हणून सरणावर चढवला होता. एकजण हळूच म्हणाली, "शालू नाही का ठेवलात?" रीत मोडता येईना, मग एकेकीनं चिमटीत धरून एकेक खोळ उचलली. मी कुठलीच घेतली नाही. त्या बायकांच्या रांगेत उभं राहून वच्छीचं काही घ्यायचं मला जमलं नाही.

परवा बाजारात गेले होते. भाजी घेऊन वळले तर समोर गर्दीत पाठमोरी वच्छी. तोच पदर खोचलेला, तेच पट्टे. माझ्या तोंडून जोरात हाक गेली, "वच्छे!" दोन पावलं धावलेसुद्धा. बाई वळली, तर त्या इंदूताई निघाल्या.

जरासुद्धा ओशाळल्या नाहीत. उलट पदर पुढे ओढून मला दाखवायला लागल्या. "प्रसादाची म्हणून एकदा नेसले, तर अगो कुसुम, काय सोयीची आहे ही! कशावरही चालते. चिखल उडाला तरी कळत नाही. मी आता रोजच्याला अशाच घेणार आहे." मग जवळ येऊन म्हणाल्या, "वत्सला कुठल्या दुकानातनं घ्यायची गं ह्या? तुला ठाऊक असेल."

आम्ही त्या दुकानाच्या पायरीशीच उभ्या होतो. मी म्हटलं, "ठाऊक नाही," आणि रस्त्यावर माणसं बघत होती तरी रडत रडत घरी आले.