साडूच्या देखत घेतलेला विमा

नव्या गाडीच्या सीटवरच्या प्लास्टिकचा वास आला की मला मलकापूरच्या शोरूममधली दसऱ्याच्या आदल्या दिवसाची दुपार आठवते. साडेनऊ लाखांची गाडी आणि टेबलाभोवती मी, बायको, सासूबाई आणि विमा एजंट असलेला माझा धाकटा साडू. आधीची गाडी मोताळ्याच्या बाजारातून चोरीला गेली, तेव्हा कंपनीने घसरलेली किंमत दिली, ती सगळी बँकेच्या कर्जात गेली आणि वर एक लाख दहा हजार मी पदरचे भरले. बिलाची पूर्ण रक्कम देणारं जादा कव्हर असतं, हे त्या गाडीचाही विमा काढून देणाऱ्या या साडूने मला सांगितलंच नव्हतं. उलट, "भाऊच्या हातचा पैसा सुटत नाही, म्हणून फसले," असं सोयऱ्यांत सांगत फिरला. त्या दुपारी मी त्याच्याकडून ते कव्हर सगळ्यांसमोर नीट समजावून घेतलं. घाम पुसत त्याने गाडीच्या किमतीतली दरवर्षीची घट मांडून दाखवली. "मंग घेणं फायद्याचं हाय?" मी विचारलं. "हाव भाऊ, कर्ज हाय तोवर डोळे झाकून घ्या." "मंग मागच्या गाडीच्या टायमाले काऊन नाही सांगतलं, जवाईबापू?" सासूबाईंनी शांतपणे विचारलं. त्याने नव्या गाडीसाठी आणलेला पेढ्यांचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. मी उठलो आणि शेजारच्या टेबलाशी जाऊन बसलो. गाडी आजही धडधाकट आहे, कव्हर कधी लागलं नाही, तरी त्या पैशांचं मला जराही वाईट वाटत नाही. चार हजार दोनशे रुपये मी दिले, साडूच्या देखत, शेजारच्या टेबलावरच्या दुसऱ्या एजंट बाईंना.