खाडीचा तळ पाहिलेला माणूस

गणपती जाऊन आठवडा झाला असेल, तेव्हा तहसील कार्यालयातून ती फाईल आमच्या ग्रामपंचायतीत आली. आमच्या वाडीसमोरच्या खाडीतून वाळू काढायचा प्रस्ताव होता. हातपाटीने, म्हणजे माणसांनी बुडी मारून नव्हे, सक्शन पंपाने. म्हणजे खाडीचा तळ नळीने ओढून बार्जमध्ये टाकणारं यंत्र. पंचायतीने फाईल वाचायची, मग साहेब लोक येऊन जागेची पाहणी करणार, आणि शेवटी ग्रामसभेने हो किंवा नाही कळवायचं, असा क्रम होता.

मला सदस्य होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. महिलांसाठी राखीव जागा होती, समोर कोणी उभं राहिलं नाही, म्हणून बिनविरोध. माझं माहेर पावसकडचं, आंब्याच्या बागांतलं. मोहोराबद्दल विचारलंत तर सांगेन, पण खाडी मला फक्त पडवीतून बघण्यापुरती माहीत. तरी सरपंचबाईंनी फाईल माझ्याकडे सरकवली. तू बी.कॉम. झालेली आहेस, अक्षरही चांगलं आहे, घरी नेऊन नीट वाच आणि आम्हाला सोपं करून सांग, म्हणाल्या.

घरी मी आणि सासरे दोघंच. माझे यजमान जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. मुलगी रत्नागिरीला वसतिगृहात. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झालेली. सासऱ्यांना अजिबात ऐकू येत नाही. तरुणपणी ते डुबी मारून वाळू काढायचे. होडीतून पाण्यात बांबू रोवायचा, त्याला धरून श्वास कोंडून तळाशी जायचं, लोखंडी बादली भरायची आणि दोरीला झटका द्यायचा. वरचे दोघं ती ओढून घेत. वीस-बावीस वर्षं त्यांनी हे केलं. पाण्याच्या दाबाने आधी एक कान गेला, मग दुसरा. आमचं चिऱ्याचं घर त्याच कमाईवर उभं राहिलं.

लग्न होऊन आले तेव्हा मी त्यांच्याशी फारशी बोलत नसे. बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि सासऱ्यांवर ओरडायचं कसं? सासूबाई हातवाऱ्यांनी सगळं सांगायच्या. त्या गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांना चहात साखर कमी घालू का, असं तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा ते "हो, बरा हाय" म्हणाले. मग मी मुलीची जुनी वही घेतली आणि त्यात मोठ्या अक्षरांत तोच प्रश्न लिहिला. त्यांनी अक्षरांखाली बोट फिरवत वाचला आणि म्हणाले, "कमी." तेव्हापासून आम्ही असेच बोलतो. मी लिहिते, ते बोलतात, आणि तेही मोठ्याने, कारण स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नाही. शेजाऱ्यांना आमच्या घरातलं अर्धंच बोलणं कळतं.

फाईलमधला नकाशा मी पडवीत त्यांच्यासमोर पसरला. त्यांनी तो आधी उलटा केला. मला वाटलं, त्यांना कळलेला नाही. पण ते होडीत बसून वरच्या अंगाला जाताना खाडी जशी दिसते तसा तो लावून घेत होते. मग एकेका वळणावर बोट ठेवून त्यांनी नावं सांगितली. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या प्रत्येक भाट्याला नाव होतं, पाण्याखालच्या दोन खडकांनासुद्धा. नकाशावर यातलं एकही नव्हतं. तिथे लाल रेघांचा एक चौकोन होता आणि खाली लिहिलेलं, की इथे वाळूचा जाड थर आहे आणि या पट्ट्यात कोणी शिंपले गोळा करत नाही.

मी ते वहीत लिहून दाखवलं. त्यांनी चौकोनाच्या रेघांवरून बोट फिरवलं.

"हिकडं एवढी वाळू नाय," म्हणाले आणि उठून गोठ्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी मी भातगिरणीवर गेले होते. पंचायतीची बातमी गावात पसरायला वेळ लागत नाही. तिथे बसलेल्या एका बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, की तुझं घर तर वाळूवरच बांधलेलं, आता तूच वाळूला नको म्हणणार का? मी तांदळाची पिशवी उचलून निघाले. घरी आले तरी ते मनातून जाईना. त्यात खोटं काय होतं? संध्याकाळी मी वहीत लिहिलं, "बाबा, तुम्ही काढत होता ती वाळू आणि ही वाळू, यात फरक काय?" त्यांनी वाचलं, वही मिटली आणि माझ्याकडे परत दिली. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवण वाढलं की जेवायचे, ताट स्वतः धुवायचे. आपण त्यांना दुखावलं, असं वाटून मला कसंतरी झालं. यजमानांचा फोन आला तेव्हाही मी हे सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुकतीला, म्हणजे ओहोटीच्या वेळी, ते एकटेच खाडीवर गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी मागोमाग गेले. पाणी ओसरून वाडीसमोरचा भाटा उघडा पडला होता. चार-पाच बायका वाकून चिखलातले मुळे, म्हणजे शिंपले, काढत होत्या. सासरे काठावरच्या दगडावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. वही आणली नव्हती. तिची गरजही पडली नाही, कारण ते आपण होऊनच सांगायला लागले.

बादलीने काढायचे तेव्हा खाडी चार महिन्यांत खड्डे भरून काढायची, ते म्हणाले. पावसाळ्यात नदी वरून वाळू आणायची. त्यांनी काढावी आणि तिने भरावी, असं वर्षानुवर्षं चाललं. मग पलीकडच्या काठाने पंप आला. परवाना होता की नव्हता, कोण जाणे. त्या लोकांना तळ माहीत नव्हता. त्यांनी सासऱ्यांना बोटीवर घेतलं. पाण्यात उतरायचं नाही, नुसतं बोट दाखवायचं. एक कान तेव्हा गेलेलाच होता, दुसरा दुखायचा. ते गेले.

"बोट दाखवायचं काम, गो. मला बरं वाटलं," ते म्हणाले.

पंपाने एका हंगामात जे केलं ते त्यांना बादलीने जन्मभर जमलं नसतं. आणि त्याच हंगामात सासूबाई एका सुकतीला नेहमीच्या वाटेने मुळे काढायला उतरल्या. कधी घोट्याच्या वर पाणी नसायचं त्या जागी त्या एकदम गळ्यापर्यंत खाली गेल्या. बरोबरच्या दोघींनी लुगड्याचा पदर टाकून त्यांना ओढून काढलं. जीव वाचला, पण त्या पुन्हा कधी खाडीत उतरल्या नाहीत.

सासूबाई मुळ्यांची आमटी करायच्या तेव्हा मुळे नेहमी शेजारणीकडून यायचे, हे मला आठवलं. त्यांना चिखलाचा कंटाळा असेल, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते.

"त्या खड्ड्याची जागा मीच दाखवलेली," सासरे म्हणाले. "तिला ठाऊक होतं. कधी बोलली नाय."

भाट्यावरच्या बायकांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. त्यांना ते ऐकू गेलं असणार. मी सासऱ्यांच्या हातावर हात ठेवला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, पण पाया पडण्यापलीकडे मी त्यांना कधी स्पर्श केला नव्हता.

पाहणीच्या दिवशी तहसीलमधून एक तरुण अधिकारी आला. बरोबर आमचा तलाठी आणि पंपासाठी अर्ज केलेल्या अर्जदाराचा एक माणूस. अधिकारी माझ्याशी बोलत होता. माझ्या मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला का आणलंय, हे त्याला कळत नव्हतं. मी सांगितलं, यांनी हा तळ हाताने चाचपलेला आहे. तो हसला नाही, हे मला आवडलं. त्याने सासऱ्यांना होडीत पुढे बसवलं.

सासऱ्यांनी तीन ठिकाणी होडी थांबवायला लावली. प्रत्येक ठिकाणी बांबू खाली घातला आणि दाबला. वाळू हातभर लागायची, मग बांबू सटकन आत जायचा आणि वर काढला की टोकाला काळा चिखल. अर्जदाराचा माणूस म्हणाला, की ही जागा चौकोनाबाहेरची आहे. अधिकाऱ्याने फोनवर जागा तपासली आणि चौकोनाच्या आतच आहोत, असं सांगितलं. चौथ्या ठिकाणी मात्र बांबू अर्ध्यापर्यंत वाळूतच गेला. सासरे लगेच म्हणाले, "हिकडं हाय. हे पण लिवा." अधिकाऱ्याने तेही लिहून घेतलं. उतरताना त्याने सासऱ्यांना हात दिला आणि त्यांनी तो घेतला. एरवी ते कोणाचा हात घेत नाहीत.

ग्रामसभा शाळेत भरली. बऱ्याच दिवसांनी कोरम पहिल्याच वेळी पूर्ण झाला होता. मी फाईलमधलं सगळं वाचून दाखवलं. मग वरच्या वाडीतला एकजण उभा राहिला. मुंबईत दहा वर्षं काढून तो परत आलेला. त्याचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. गावात काम नाही म्हणून पोरं जातात, काम दारात आलं तर आपण हाकलतो, मग गाव रिकामं झालं म्हणून रडायचं कशाला? पुष्कळांनी माना हलवल्या. मीही मनातल्या मनात हलवली असेन.

तेव्हा सासरे उठले. काय चाललंय ते मी वहीत लिहून त्यांना दाखवत होते, पण ते बोलणार आहेत, हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या मोठ्या आवाजाची मला घरात कधीकधी लाज वाटायची. त्या दिवशी शाळेच्या शेवटच्या बाकापर्यंत तो पोचला. त्यांनी भाषण केलं नाही. दगडावर बसून मला सांगितलं होतं, तेच सांगितलं. वाळू मी काढली, घर बांधलं. पंपाला जागा मी दाखवली. माझी बायको त्यात बुडत होती.

"बादलीला खाडी पुरते, पंपाला पुरत नाय. एवढंच मला ठाऊक हाय," ते म्हणाले आणि खाली बसले.

सासूबाईंना ओढून काढणाऱ्या दोघींपैकी एक मागच्या बाकावर होती. तिने पदराने डोळे पुसले.

ठराव एकमताने झाला नाही. हात वर करून मोजणी झाली आणि थोड्याच मतांच्या फरकाने पंपाला नकार मिळाला. पण त्या मुंबईहून आलेल्या माणसाचंही म्हणणं राहिलं. चौथ्यांदा बांबू घातला त्या जागी गावातल्या माणसांना हातपाटीचे परवाने द्यावेत, असं आम्ही त्यात जोडलं.

ठरावाचा मसुदा मी घरी बसून लिहिला. सासऱ्यांचं निवेदनही त्यात घ्यायचं होतं. ते लिहिताना मी पंपाला जागा दाखवल्याचं वाक्य गाळलं. सरकारी कागद कुठेकुठे जातो, उद्या कोणी त्यांना त्रास दिला तर? त्यापेक्षा खरं सांगायचं तर, सासऱ्यांचा असा कागद सुनेच्या अक्षरात असू नये, असं मला वाटलं. त्यांनी चष्मा लावून, बोट फिरवत सगळं वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"माजं वाक्य कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

मी वहीत लिहिलं, "राहू दे ना, बाबा."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "ते नसलं तर बाकीचं कोण खरं मानील?"

मी ते वाक्य लिहिलं. त्यांनी खाली सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं.

उत्तर यायला फाल्गुन उजाडला. यंदाच्या लिलावाच्या यादीतून आमच्या समोरचा पट्टा वगळला होता. पुढच्या वर्षी फेरविचार, असंही त्यात होतं. म्हणजे फाईल बंद झाली नव्हती. हातपाटीचे चार परवाने मात्र मिळाले. त्यातला एक त्या ग्रामसभेत आमच्या विरुद्ध बोललेल्या माणसाला.

तो एका सकाळी आमच्या पडवीत आला. खाडीतली वाळूची जागा दाखवायला काका येतील का, असं त्याने मला विचारलं. मी वहीत लिहायला घेतलं, तर सासऱ्यांनी त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. आधी ते नाही म्हणाले. दोन दिवसांनी तो परत आला, काही न बोलता पायरीवर बसून राहिला. मी चहा ठेवला. सासऱ्यांनी चहा संपवला, खुंटीवरचा टॉवेल खांद्यावर टाकला आणि त्याच्या पुढे चालू लागले.

दुपारी परत आले तेव्हा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला होता. त्यांनी सांगितलं, की जागा दाखवली आणि कुठे थांबायचं तेही दाखवलं. पोरगा बांबू चांगला रोवतो, पण श्वास सोडायची घाई करतो. मग त्यांनी भाकरी मागितली. मी ताट वाढलं आणि जेवत असताना त्यांच्यासमोर बसून राहिले.