खाटेभोवतीचं घर

सिस्टर घरात आल्या की आधी आडव्या व्हायच्या. घर म्हणजे तेव्हा नुसत्या चुन्याच्या फक्कीने मारलेल्या पांढऱ्या रेघा आणि त्यात एक लोखंडी खाट. मी नकाशाची गुंडाळी काखोटीला मारून आखणी तपासायला त्या प्लॉटवर गेलो, तेव्हा बाई त्या खाटेवर उताण्या पडून होत्या. मी रेघ ओलांडून आत शिरलो, तर पडल्यापडल्याच म्हणाल्या, "भिंतीतनं कुठं येतो रं? दार तिकडं हाय."

मी चाळिशी ओलांडलेला, नेरळला ऑफिस असलेला आर्किटेक्ट. तरी निमूटपणे वळसा घालून नसलेल्या दारातून आत गेलो. सिस्टरांपुढे भल्याभल्यांचं असंच व्हायचं.

त्यांचं नाव सुमन. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म घालवलेला, त्यामुळे अख्खा तालुका त्यांना सिस्टर म्हणायचा. त्यांचे यजमान म्हणजे भाऊ, एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर लवकरच त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. भाड्याच्या जागेत त्यांची खाट मागच्या खोलीत होती. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात हजारो लोकांशी हुज्जत घातली, तो दिवसभर गोदरेजच्या कपाटाकडे बघत पडायचा. सिस्टरांनी कर्जतहून कोंडाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत जमीन घेतली ती त्यासाठी. घर कशाला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कसं, एवढंच मला सांगायचं होतं.

मी पहिला नकाशा मोठ्या हौसेने केला. आमच्याकडे मुंबईची माणसं शनिवार-रविवारची घरं बांधतात आणि प्रत्येकाला डोंगर हवा असतो. त्याच सवयीने मी भाऊंची खोली मागे काढली. शांत, धूळ नाही, समोर राजमाचीचा सगळा डोंगर. पावसाळ्यात धबधबेसुद्धा दिसतील, असं वर ऐकवलं. सिस्टरांनी चष्मा सारखा केला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"आमी डोंगर बघतच म्हातारी झालो. तो कुठं पळून जात नाय. माणसं जातात-येतात, ती बघायचीत त्यांना."

मग भाऊंची खाट पुढे आली, अगदी रस्त्याच्या अंगाला, जिथे इतर लोक सोफा मांडतात तिथे. बाकीचं घर त्या खाटेभोवती बसलं. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून खाट दिसली पाहिजे, न्हाणीघरापर्यंत चाकाची खुर्ची कुठे अडखळता कामा नये, उंबरा नाही. कुणी वास्तूचा विषय काढला तर त्या म्हणत, "दिशा माझा पेशंट ठरवील."

त्यांच्या दिरांना मात्र हे रुचलं नाही. ते एकदा साइटवर आले आणि बाजूला घेऊन मलाच समजावू लागले, की दारात पाय ठेवताच आजारी माणूस दिसणं बरं नाही, लोक काय म्हणतील, उद्या नातवंडांची लग्नं जमायची आहेत. बोलणं सिस्टरांच्या कानावर गेलं. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "भावोजी, आजारी माणूस म्हंजे काय चोरीचा माल हाय का, मागं लपवायला? ते पडलेत. संपलेले नायत." दिरांनी चहा घेतला आणि वाट धरली. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, ही म्हण पुष्कळांना पाठ असते. ती पेलताना मी या एका बाईंनाच पाहिलं.

भिंती चढू लागल्या आणि एके दिवशी गवंड्याने हाताच्या सवयीने खिडकीखालची भिंत नेहमीएवढी उंच उचलली. संध्याकाळी सिस्टर आल्या, खाट जागेवर लावली, आडव्या झाल्या. खिडकीतून आभाळ आणि विजेची तार दिसली, रस्ता नाही. गवंडी कुरकुरला. सिस्टरांनी त्याला खाटेवर झोपवलं. तो झोपला, खिडकीकडे नजर टाकली, आणि उठून छिन्नी-हातोडा शोधू लागला. वरचे थर उतरवले. मला त्या दिवशी बाईंचा मनापासून अभिमान वाटला. तेव्हापासून मीही कुठल्याही घरात आधी विचारतो, इथे जास्त वेळ कोण असणार आहे?

गृहप्रवेशाला त्रिशरण-पंचशील झालं, खीर झाली. भाऊंना खाटेवर टेकवून बसवलं आणि खिडकी उघडली. पहिल्याच आठवड्यात ते त्या रस्त्याचे कंडक्टर झाले. रिक्षावाले वेग कमी करून "जय भीम भाऊ" म्हणत. डेपोतले जुने सोबती दुचाकी थांबवून खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकत. कोंडाण्याच्या लेण्यांना निघालेली पोरं रस्ता विचारत आणि भाऊ डाव्या हाताने दाखवत. हळूहळू दोन शब्दांचे चार शब्द झाले. सिस्टर स्वयंपाकघरातून ऐकत आणि ऐकत नसल्याचं सोंग करत.

गेल्या वर्षी सिस्टर गेल्या. हृदयविकार, सकाळी छातीत दुखलं आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. आयुष्यभर दुसऱ्यांची सेवा केली, स्वतःची कुणाला करू दिली नाही. मला फार लागलं. घरं पुष्कळ बांधली, पण घर मागावं कसं, हे त्यांच्याकडेच पाहिलं.

पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर त्यांच्या मुलाने, मिलिंदने, मला बोलावून घेतलं. तो पनवेलला चौथ्या मजल्यावर राहतो, मुलगा चांगला आहे. वडिलांना घेऊन जायचं त्याने ठरवलं होतं. लिफ्ट आहे, नर्स ठेवू, त्यांना स्वतंत्र खोली देऊ. आणि हे घर पर्यटकांना देता येईल का, एवढं मी बघावं. सगळं तो भाऊंच्या खाटेशेजारी बसून, काळजीने सांगत होता. त्यात एकही गोष्ट चुकीची नव्हती.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग डाव्या हाताने मुलाचा हात धरला. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला आणि आम्ही दोघेही थांबलो.

"तुझ्याकडं मी पेशंट रं," ते म्हणाले. "हितं मी भाऊ."

तेवढ्यात बाहेर दुचाकी थांबली आणि कुणीतरी कट्ट्यावर कोपर टेकत हाक मारली, "भाऊ, जेवलात का?" भाऊंनी मुलाचा हात न सोडता तोंड खिडकीकडे वळवलं.

"नाय अजून," ते म्हणाले. "आत ये. पोरगा आलाय माझा."