चौघांत वाटलेला पासवर्ड

कुलूप या वस्तूवर आमच्या दाजींइतका विश्वास खुद्द कुलूप घडवणाऱ्यानंही ठेवला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. लोहाऱ्यातले निवृत्त शाळामास्तर. गावाला गुरुजी, मला दाजी. त्यांच्या घरी पिठाच्या डब्याला कुलूप, सायकलीला दोन कुलुपं, आणि त्या कुलपांच्या चाव्या ज्या पेटीत त्या पेटीला आणखी एक. चोरानं न्यावं असं घरात काही नाही हे अक्का त्यांना लग्नापासून सांगत आली होती. पण दाजींना भय चोराचं नव्हतंच. कुलूप म्हणजे माणसानं माणसाला दिलेला शब्द, असं ते म्हणायचे, आणि शब्द मोडायचा नसतो तसं कुलूपही फोडायचं नसतं. एकदा अक्का घराची चावी कमरेला लावून नळदुर्गला लग्नाला गेली आणि दाजी बाहेर राहिले. शेजारी दगड घेऊन आले, एका दणक्याचं काम आहे म्हणाले. दाजींनी त्यांना दगड खाली ठेवायला लावला आणि दोन दिवस मठाच्या ओसरीवर काढले. तिसऱ्या दिवशी अक्का परतली तेव्हा दाढी वाढलेले दाजी स्वतःच्याच दारात पाव्हण्यासारखे उभे होते. त्यानंतर अक्कानं त्यांना जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

असल्या माणसाच्या हाती कॉम्प्युटर आला. एका बंद पडलेल्या क्लासचा जुनापाना डबा होता तो, आणि दाजींनी तो घेतला एकाच कामासाठी. आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला बसवून पुरतात. गावच्या रुद्रभूमीत कोण कुठं बसलंय याची खूण म्हणजे एखादा दगड, फार तर कडुनिंबाचं रोप. दगड सरकतो, रोप शेळी खाते, आणि दोन पिढ्यांत आज्याची जागा नातवाला सांगता येत नाही. दाजींनी निवृत्तीनंतर सात वर्षं घरोघर हिंडून, म्हाताऱ्याकोताऱ्यांना हाताला धरून जागेवर नेऊन, विहिरीच्या कोपऱ्यापासून स्वतःची पावलं मोजून सगळ्या जागा एका वहीत उतरवल्या. मग एका बोटानं त्या कॉम्प्युटरात घातल्या. काम पुरं झालं तशी वही त्यांनी अक्काला दिली आणि भिजत घाल म्हणाले, कारण वही काय, कुणाच्याही हाताला लागते. अक्कानं मेथ्या घालून तिचा लगदा केला आणि टोपली थापली. गावच्या पूर्वजांचा मूळ नकाशा अजून तिच्या घरात ज्वारी सांभाळतोय.

राहिला पासवर्ड. त्याच्या काळजीनं दाजींना महिनाभर जेवण गोड लागेना. स्वतःच्या डोक्यावर त्यांचा भरवसा नव्हता, आणि कागदावर तर नव्हताच. शेवटी एक दिवस ते एसटीनं सोलापूरला माझ्याकडं आले, माझ्या बायकोला चहा टाकायला पाठवलं आणि माझ्या कानाशी लागले. "एकाच्या पोटात गुपित टिकत न्हाय," ते म्हणाले. "चौघांत वाटलं की कुणाच्याच पोटात दुखत न्हाय." चौघं म्हणजे अक्का, मठातले स्वामी, पिठाच्या गिरणीवाले अप्पा आणि मी. प्रत्येकानं आपल्या मनानं एक तुकडा ठरवायचा, ठरल्या क्रमानं स्वतःच्या हातानं टाकायचा आणि कुणालाही सांगायचा नाही. बायकोला नाही, खुद्द दाजींनाही नाही. एवढं सांगून त्यांनी चहा घेतला आणि पुढच्या गाडीनं परत गेले.

कॉम्प्युटर ते कधी बंद करत नसत. पण लाईट जाऊन बॅटरीही बसली की तो बंद पडायचा, आणि आम्हा चौघांना बोलावणं यायचं. वर्षातून दोनदा तरी हा सोहळा व्हायचा. अक्का मुरमुऱ्यांचा सुशीला करायची, अप्पा अंगावरचं पीठ झटकून यायचे. एकानं कॉम्प्युटरपुढं बसायचं, बाकीच्यांनी भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं. स्वामींनीसुद्धा भिंतीकडंच. एका साली मला टायफॉइड झाला तर ते यंत्र अकरा दिवस झोपून होतं, आणि दाजी रोज फोन करून माझ्या तब्येतीची इतकी चौकशी करायचे की बायकोला भरून यायचं. तिला खरं कारण मी अजून सांगितलेलं नाही. पाठीमागं मी या सगळ्याला दाजींचं येड म्हणून हसायचो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

चार वर्षांमागच्या उन्हाळ्यात रुद्रभूमीला कंपाउंड बांधायचं निघालं. जेसीबीनं एका दिवसात जमीन तळहातासारखी सपाट केली. दगड गेले, कडुनिंबं गेली, राहिली ती विहीर. दाजी म्हणाले, जाऊ द्या, आपल्याकडं नकाशा हाय. पुढच्याच महिन्यात वावटळीत तारा तुटल्या, दोन दिवस लाईट आली नाही आणि कॉम्प्युटर बंद पडला. मी रविवारी येतो म्हणून कळवलं. शुक्रवारी सकाळी गिरणीत दळण घालता घालता अप्पा पोत्यावर टेकले आणि तिथंच गेले.

अप्पांना एकच लेक झाली होती. तिसऱ्या वर्षी तापानं गेली. मला तिच्या शेजारी बसवा, एवढंच अप्पा आयुष्यभर बायकोला सांगत आले होते. आता ती जागा फक्त कॉम्प्युटरात होती, आणि त्याच्या पासवर्डाचा तिसरा तुकडा अप्पांबरोबर गेला होता. मी दुपारी पोचलो तेव्हा बाजारातल्या कॉम्प्युटर क्लासच्या बाई येऊन बसल्या होत्या. त्यांच्या मते विशेष काही नव्हतं. पेन ड्राइव्ह लावून कॉम्प्युटर दुसऱ्या वाटेनं सुरू करायचा, ॲडमिनचा पासवर्ड पुसायचा. आतलं सगळं जसंच्या तसं राहतं, अर्ध्या तासाचं काम. दाजी नाही म्हणाले. फोडलेल्या कुलपाचा पुन्हा कोण मान ठेवणार, म्हणाले. दिवस मावळायच्या आत माती द्यायची होती. अक्का त्यांना कधी नाही ते हात जोडत होती, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा दाजींचा राग आला.

ते उठले आणि अप्पांच्या घरी निघाले. मी मागोमाग गेलो. अप्पांना ओसरीवर भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळाला विभूती, गळ्यात हार. भजन चाललं होतं. दाजी त्यांच्यापुढं मांडी घालून बसले आणि अप्पांच्या कानाशी वाकले. "अप्पा," ते म्हणाले, "तेवढं सांगून जा की." आणि खरोखर उत्तराची वाट बघत तसेच वाकून राहिले. भजन थांबलं. कुणी हसलं नाही. मग अप्पांच्या बायकोनं, अव्वांनी, डोईवरचा पदर सावरला.

"गुरुजी, मी दोनदा विचारलं त्यांना," त्या म्हणाल्या. "मला बी सांगितलं न्हाय. तुमचा शब्द त्यांनी पुरा केला. आता फोडा ते कुलूप. माझी लेक वाट बघत आसंल."

दाजी घरी आले, बाईंना "फोडा" म्हणाले आणि नेमाप्रमाणं भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांची पाठ हलत होती. अर्ध्या तासात नकाशा उघडला. विहिरीच्या कोपऱ्यापासून उगवतीला एकतीस पावलं, तिथून उजवीकडं चार. पण पावलं दाजींची, तीही पंधरा वर्षांमागची. तेव्हा त्र्याहत्तरीचे दाजी धोतर आवरून, मोठ्या ढांगा टाकत, सगळ्या गावासमोर मोठ्यानं आकडे म्हणत चालले. ते थांबले तिथं कुदळीला चार बोटांवर दगड लागला. जात्याची अर्धी तळी होती ती. लेकीला ठेवलं त्या दिवशी अप्पांनीच ती खुणेला पुरली होती, असं अव्वांनी सांगितलं आणि तिथं मातीवर हात ठेवून त्या बसून राहिल्या. अप्पांना शेजारी बसवलं तेव्हा ऊन अजून होतं.

दुसऱ्या दिवशी दाजींनी घराच्या दर्शनी भिंतीवर तांबड्या ऑइलपेंटनं स्वतः लिहिलं: कॉम्प्युटरचा पासवर्ड एक ते आठ आकडे, ओळीनं. कुणीही यावं. सगळी कुलुपं काढून त्यांनी पेटीत टाकली, आणि पेटी उघडीच ठेवली. पुढच्यांना मोजता यावं म्हणून आपल्या एका ढांगेएवढी सुतळी कापून कॉम्प्युटरशेजारी खिळ्याला अडकवली. लोक येऊन आपापली माणसं बघून जायचे, अक्का सगळ्यांना चहा करून करून वैतागायची, आणि दाजी खुर्चीत बसून नुसते बघायचे. पण पहिल्यासारखे ते बोलायचे नाहीत. सोलापूरला तर पुन्हा आलेच नाहीत.

यंदा दिवाळीनंतर दाजी गेले. कुणाला काही विचारावं लागलं नाही. अक्का म्हणाली, "उघड रे." मी एक ते आठ आकडे दाबले. दाजींनी स्वतःची जागा लिहून ठेवली होती, शेजारी अक्काची. तिच्यापुढं आणखी एक चौकट होती. तिच्यात लिहिलं होतं: मेहुणा, सोलापूर. विचारायचं राहिलं.

काय लिहिलंय म्हणून अक्का विचारत होती. खिळ्यावरची सुतळी खिशात घातली, बाहेर सगळे थांबले होते, तरी आधी खुर्ची ओढून बसलो. 'विचारायचं राहिलं' एवढं पुसलं, आणि दाजींसारखंच एका बोटानं तिथं लिहिलं: व्हय म्हणाला.